अळ्यांसाठी अंगण: नागपुरात घरच्या घरी फुलपाखरं आणि पतंग कसे बघावेत

फुलपाखरं बघायची असतील तर आधी पानं लावा, फुलं नंतर. नर्सरीत "फुलपाखरांसाठी काहीतरी द्या" म्हटलं की हातात पेंटास किंवा झिनियाचं रोप येतं. त्यात वाईट काही नाही. पण त्या फुलावर पाखरू येतं, रस पितं आणि दोन मिनिटांत कंपाउंड ओलांडून जातं. ज्या झाडाची पानं त्याच्या अळीला चालतात ते झाड तुमच्याकडे असलं, तर मादी थांबते आणि अंडी घालते. मग अंड्यापासून पाखरापर्यंत सगळं तुम्हाला खुर्ची टाकून बघता येतं.

मी वीज मंडळात लाइनमन होतो. पावसाळ्यात रात्रीच्या फॉल्टवर गेलं की रस्त्यावरच्या दिव्याभोवती पतंगांचं मोहोळ असायचं. ही आवड मला तिथे लागली. आता घर हुडकेश्वर रोडकडच्या एका ले-आउटमध्ये आहे: समोर दोन स्कूटर उभ्या राहतील एवढं अंगण, मागे धुणं वाळवायची जागा, वर गच्ची. खाली सांगितलेलं सगळं एवढ्या जागेत होतं. गच्चीवर फक्त कुंड्या असल्या तरी बरंचसं होतं.

गोडलिंबापासून सुरुवात करा

नागपुरात गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, नाही असं घर विरळा, म्हणून पहिली शाळा इथेच. या झाडावर दोन मोठी फुलपाखरं अंडी घालतात. पहिलं लाइम: काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके, मागच्या पंखाला शेपूट नाही. दुसरं कॉमन मॉरमॉन: नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ आणि शेपटी. दोन्ही लिंबावर आणि संत्र्यावरही येतात. बेलावर लाइमच्या अळ्या नेहमी सापडतात.

पाऊस पडून ऊन निघालं की सकाळी झाडापासून चार हातांवर बसा. रस प्यायला आलेलं पाखरू आणि अंडी घालायला आलेली मादी यांच्या चालीत फरक असतो. मादी फुलाकडे बघत नाही. ती पानांभोवती थरथरत फिरते, क्षणभर एखाद्या पानावर टेकते, पायांनी पान चाचपते आणि उडते. फुलपाखराला चव पायांनी कळते. हे पान आपल्या अळीचं आहे का, याची ती खात्री करत असते. पटलं की पोटाचं टोक वाकवून कोवळ्या पानावर एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या फांदीकडे जाते. ती गेली की लगेच ते पान शोधा. फिकट पिवळा, मोहरीपेक्षाही लहान गोल दाणा दिसेल. माझी नात हे अंडं माझ्याआधी शोधते, कारण तिचे डोळे बरोबर त्या फांदीच्या उंचीवर आहेत. घरात लहान पोट्टे असतील तर त्यांना सोबत बसवा.

पावसाळ्यात तीन-चार दिवसांत अळी निघते. ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा डाग. उघड्या पानावर बसूनही बुलबुल तिला उचलत नाही, कारण ती खाण्याची वस्तूच वाटत नाही. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. आता तिला काडीने हलकेच स्पर्श करून बघा, एकदाच. डोक्यामागून नारिंगी-लाल, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि तीव्र वास सुटतो. मुंग्या आणि छोट्या गांधीलमाश्यांना दूर ठेवायचं ते साधन आहे. पुन्हा पुन्हा डिवचू नका, त्यात तिची ताकद खर्च होते.

अळी शोधायची युक्ती म्हणजे वर बघायच्या आधी खाली बघणं. कुंडीच्या काठावर किंवा खालच्या पानावर काळे-हिरवे दाणे पडलेले दिसले की त्यांच्या बरोबर वर ती असते.

शेजारच्या काकू एकदा गेटवरूनच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गोडलिंबाले अळ्या लागल्या, फवारा मारा ना." मी म्हटलं, "काकू, आठ दिवस थांबा, मग या." त्या आल्या तेव्हा फांदीला कोष लागलेला होता, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून तिरपा टेकलेला. आता त्यांच्याकडचा गोडलिंब अळ्यांसाठी मोकळा आहे. गोडलिंब फार चिवट आहे. पानं खाल्ली तरी पुन्हा फुटतो, उलट दाट फुटतो. कुंडीतलं झाड लहान असेल तर मात्र तीन-चार अळ्या ते बोडकं करतात, म्हणून दोन झाडं ठेवा, एक फोडणीसाठी आणि एक त्यांच्यासाठी. पानं संपत आली तर अळीला बोटांनी उचलू नका. ती बसलेलं पान तोडून दुसऱ्या गोडलिंबावर किंवा लिंबावर टेकवा, ती आपण होऊन सरकते.

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांना हीच अळी नर्सरीतल्या कोवळ्या रोपांवर नकोशी असते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वावराचा हिशेब वेगळा. अंगणातल्या एका झाडाला तो लावायचं कारण नाही.

रुई, घोळ आणि एक फसवणूक

रिकाम्या प्लॉटवर रुई आपोआप उगवते. पावसाच्या सुरुवातीला वीतभर रोप मुळासकट काढून मोठ्या कुंडीत लावलं तर लागतं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, तो डोळ्यांना फार वाईट. हात साबणाने धुवा. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार करता, तेव्हा प्रत्येक पान उलटून बघायची सवय लावून घ्या. मोत्यासारखं पांढरट उभं अंडं चिकटलेलं असलं, तर ते पान झाडावरच राहू द्या.

ते प्लेन टायगरचं अंडं. त्याची अळी लपत नाही. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. लपायची गरजच नाही, कारण रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही.

आता घोळाची भाजी एका कुंडीत पसरू द्या. घोळावर डॅनेड एगफ्लायची अळी वाढते. या फुलपाखराचा नर काळा, त्यावर निळ्या-जांभळ्या कडेचे मोठे पांढरे ठिपके. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी नारिंगी. तिच्या अंगात विष नाही, ती फक्त विषारी पाखराचा वेश घेते. ओळखायचं कसं? मागच्या पंखाच्या मध्यभागी बघा. प्लेन टायगरला तिथे तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला एकच. पहिल्यांदा हा फरक डोळ्यांनी पकडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आमच्या मंडळींना पोळ्या टाकून बाहेर बोलावलं.

मॉरमॉनच्या माद्यांतही असाच प्रकार आहे. काही नरासारख्या दिसतात, काही मागच्या पंखावर लाल-पांढरे डाग घेऊन कॉमन रोझ या विषारी जातीची नक्कल करतात. तिथे पंख बघू नका, अंग बघा. रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं.

बाकीची झाडं, थोडक्यात

कण्हेरीवर कॉमन क्रो येतं, आणि त्याचा कोष चांदीचा पत्रा चढवल्यासारखा चकाकतो. कण्हेर विषारी आहे, लहान मुलं असतील तर जपून. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. सीताफळ, रामफळ किंवा उंच सरळ वाढणाऱ्या अशोकावर टेल्ड जे. कोरांटीवर पॅन्सी. चित्रकावर झेब्रा ब्लू. बहाव्यावर पिवळसर-पांढरी एमिग्रंट. तरोटा भाजीसाठी खुडता तेव्हा चार रोपं राहू द्या, त्यांवर ग्रास यलो अंडी घालतं. कुंडीत आपोआप येणारी आंबुटी उपटू नका. नखाएवढं पेल ग्रास ब्लू तिच्यावरच जगतं आणि अंगणात सगळ्यात जास्त वेळ तेच दिसतं.

फुलांबाबत एवढंच सांगतो: दुहेरी पाकळ्यांचा गच्च झेंडू दिसायला भरगच्च, पण त्यात रसापर्यंत पोचणं कठीण. एकेरी पाकळ्यांची फुलं घ्या. झिनिया, कॉसमॉस, पेंटास, एक्झोरा, तुळशीच्या मंजिऱ्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलावर जाऊ द्या, छोटी पाखरं त्यावर गर्दी करतात. घाणेरी लावू नका. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण ती जंगलात पसरून बाकीचं सगळं दाबून टाकते. खुळखुळ्याची एखादी फांदी वाळू द्या. टायगरचे नर वाळक्या फांदीवर येऊन सोंड घासतात; मादीला आकर्षून घेणाऱ्या गंधासाठी लागणारं द्रव्य त्यांना तिथून मिळतं.

नर्सरीतून रोप आणताना विचारा की आंतरप्रवाही कीटकनाशक मारलंय का. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध पानाच्या आत जातं, धुऊन निघत नाही, आणि पान खाणारी अळी मरते. उत्तर नीट मिळालं नाही तर गोडलिंब आणि लिंबू बियांपासून वाढवा. निंबोळी अर्कही अळ्यांना मारतो. सेंद्रिय आहे म्हणून इथे चालत नाही. डासांची धूरफवारणी होणार असेल तर अळ्या असलेल्या कुंड्या घरात घ्या.

ओली माती आणि सडलेलं फळ

पसरट परातीत वाळू आणि काळी माती मिसळा, चिमूटभर मीठ टाका, ओली ठेवा. पाणी वर साचू देऊ नका, नाहीतर डास होतात, आणि नागपुरात डेंग्यूची भीती खरी आहे. ओलीवर येतात ते बहुतेक नर. फुलांच्या रसात न मिळणारे क्षार ते इथून घेतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलरच्या खाली झिरपलेल्या जागेवर नजर ठेवा. अंगणात त्या दिवसांत दुसरं काही नसलं तरी तिथे एखादं लाइम किंवा एमिग्रंट बसलेलं असतं.

फुलांकडे न फिरकणारी फुलपाखरंही आहेत. त्यांच्यासाठी फुटलेलं संत्रं, काळं पडलेलं केळं, पिकून ओघळलेलं सीताफळ बशीत ठेवा. आंब्याच्या पानांवर वाढणारं कॉमन बॅरन यावर येतं. दिवेलागणीला इव्हिनिंग ब्राउन येतं. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली डोळ्यांसारखे गोल असतात, आणि कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होऊन पंख वाळल्या पानासारखा दिसतो.

कधी बसायचं

फुलपाखराला उडायच्या आधी अंग तापवावं लागतं. म्हणून सकाळच्या पहिल्या उन्हात ते पंख पसरून स्थिर बसतं, आणि तीच फोटोची वेळ. पावसाळ्यात नऊ ते अकरा, थंडीत दहानंतर, उन्हाळ्यात साडेसातच्या आत. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. चालत मागे जाऊ नका, एका झाडाजवळ बसून राहा. मृगाचा पाऊस झाल्यावर संख्या वाढायला लागते आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत भर असतो. सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना पाळतात, तो आपल्या हवामानाला नेमका जुळतो.

रात्रीची पाळी

भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० जाती आहेत, पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. दिवसाच बघणारा माणूस मोठा भाग सोडून देतो.

मधुमालती लावा. तिचं फूल संध्याकाळी उमलताना पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. पांढरं असताना ते अंधारात दिसतं आणि त्याची लांब नळी मोठ्या हॉक मॉथच्या सोंडेला जुळते. रंग चढल्यावर ते दिवसाच्या पाहुण्यांकडे जातं. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, कारण पतंगांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही. अंधार पडल्यावर वेलाखाली उभे राहा. आधी पंखांची घुरघुर ऐकू येते, मग हवेत एका जागी थांबून सोंड नळीत घालणारा पतंग दिसतो. कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉक मॉथची सोंड त्याच्या शरीरापेक्षा लांब असते. बुचाचं झाड जवळ असेल तर फुलांच्या दिवसांत तिथेही हेच करा.

कण्हेर आणि तगरीवर ओलिअँडर हॉक मॉथची अळी सापडते: हिरवी, जाडजूड, मानेजवळ दोन निळे-पांढरे डोळे. ती कोषात जायच्या आधी तपकिरी होते आणि खाली उतरून पाचोळ्यात शिरते. म्हणून या झाडांखालचा पाचोळा झाडून जाळू नका. वांग्यावर किंवा तिळावर बोटाएवढी अळी दिसली तर ती डेथ्स हेड हॉक मॉथची असू शकते. त्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते आणि पकडलं तर तो चिरकतो. लोक अशुभ म्हणून चपलेने मारतात. तो सोंडेतून हवा काढून आवाज करणारा साधा पतंग आहे, कोणाचं काही वाईट करत नाही. त्याला उडू द्या.

आता दिवा, आणि हे मी माझ्या कामातून सांगतो. जुने मर्क्युरीचे रस्तादिवे निळसर पांढरे होते, त्यांत अतिनील किरण भरपूर, म्हणून सकाळी खांबाखाली पंखांचा सडा असायचा. सोडियमचे पिवळे दिवे आले तशी गर्दी घटली. आताच्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतोच. त्यामुळे पतंग बोलवायला पांढरी चादर टांगून तिच्यापुढे दिवा लावायचा, तर साध्या एलईडीचा फार उपयोग नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात अतिनील एलईडीची पट्टी किंवा ब्लॅक लाइटची ट्यूब मागा. दोरीवर पांढरी चादर ताणा, खालचं टोक जमिनीवर पसरू द्या, दिवा चादरीपासून हातभर पुढे. त्याच्याकडे एकटक बघू नका.

वायर ओल्या जमिनीवरून नेऊ नका. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर पावसाळ्यात हा प्रयोग करूच नका. जोड उघडा ठेवून वर टेप गुंडाळलेलं एक्स्टेन्शन मी कोणाच्याही अंगणात चालू देणार नाही. मर्क्युरीचा बल्ब कोणाकडे असला तरी पावसात लावू नका. तापलेल्या काचेवर थेंब पडला की ती फुटते.

रात्र निवडायची ती ढगाळ, दमट, वारा नसलेली, चंद्र नसलेली. पोळा पिठोरी अमावास्येला येतो, म्हणजे भर पावसाळ्यातली काळोखी रात्र. बैलांची पूजा आणि जेवण आटोपलं की चादर लावा, वर्षातली सर्वात चांगली रात्र तीच. जुलैच्या शेवटी जगभर पतंगांचा आठवडा पाळतात, २०१२ पासून, तोही आपल्याकडे पावसात येतो.

चादरीवर मागचा पंख गडद नारिंगी आणि त्यावर काळी कोर असलेला मोठा पतंग आला तर नीट बघा. हा रात्री संत्र्यात सोंड खुपसून रस पिणारा. त्याची अळी गुळवेलावर वाढते, आणि तिच्या अंगावर डोळ्यांसारख्या खुणा असतात. आंबिया बहाराची संत्री पिकायच्या दिवसांत यामुळे फळगळ होते, म्हणून बागायतदार संध्याकाळी धूर करतात. तुमचं घर बागेला लागून असेल तर कुंपणावर गुळवेल वाढवू नका. शहरात असाल तर वेल ठेवा आणि अळी बघा.

अर्जुन किंवा ऐनाचं झाड जवळ असेल तर कोशाचा पतंगही येऊ शकतो, ज्याच्या कोशापासून भंडारा-गडचिरोलीकडे टसर निघतं. तळहाताहून मोठा, प्रत्येक पंखावर पारदर्शक गोल. त्याला खाण्यापुरतं तोंडच नसतं. अळीने जे खाल्लं त्यावरच तो त्याचे थोडे दिवस काढतो आणि जोडीदार शोधतो. असा पाहुणा आला की फोटो घ्या आणि दिवा लगेच बंद करा, दिव्याजवळ त्याचा वेळ वाया जातो.

एरवीही दहाच्या पुढे दिवा ठेवू नका आणि रोज लावू नका. बंद केल्यावर चादर हलकेच झटकून झुडपांकडे करा, कारण पहाटेपर्यंत चादरीला चिकटून राहिलेल्यांना पाल आणि साळुंक्या वेचून खातात. बाहेरचा पोर्चचा दिवा कायम जळत असेल तर पिवळा उबदार लावा, आणि गरज नसताना बंद ठेवा.

वहीत तारीख, वेळ, झाड आणि पाखरू काय करत होतं एवढं लिहा: रस पीत होतं, अंडी घालत होतं, ओलीवर बसलं होतं. फोटो पंखांच्या दोन्ही बाजूंचे घ्या, कारण बऱ्याच जाती खालच्या बाजूवरूनच ओळखू येतात. नाव सापडत नसेल तर आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर टाका, किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर ताडून बघा. अळीचा फोटो टाकताना ती कोणत्या झाडावर होती हे नक्की लिहा. ओळखणाऱ्याला अर्धं उत्तर त्यातच मिळतं.